भिंतीत घातलेली गुळाची ढेप

गेली चोवीस वर्षं मी कराडच्या एका कॉलेजात पोरांना भिंत कशी बांधावी हे शिकवतो. एवढ्या काळात स्वतःच्या हाताने मी एकच भिंत दुरुस्त केली, आणि ती मुंग्यांनी खाल्ली.

ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये कुणाला सांगितलेली नाही. (कुणी विचारलंच, तर ‘त्या भिंतीचं निरीक्षण अजून चालू आहे’ असं गंभीर चेहऱ्याने सांगतो. लोक मान डोलावतात.) पण आता आईनेच ती गावभर केली आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

आमचं गाव सांगलीच्या पलीकडे, कृष्णेच्या काठाला. घर साधंच. चार खोल्या, पुढे कट्टा, मागे परडं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लग्नानंतर बांधलं. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं, म्हणून नदीकाठच्या भट्टीची वीट आणि चुना. आप्पा गेले, मी नोकरीपायी कराडला लागून मलकापुरात फ्लॅट घेतला, आणि आई त्या घरात एकटी राहिली. ‘चल आमच्याकडे’ म्हटलं की म्हणायची, “तुझ्या घराला परडं हाय का?” नव्हतं. विषय संपायचा.

मग पूर आला. स्वयंपाकघराची मागची भिंत कंबरेपर्यंत भिजली. पाणी ओसरल्यावर मी, घरातला तज्ज्ञ, तातडीने दाखल झालो आणि भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा करायचं ठरवलं. गावातले जुने गवंडी तुकातात्या बघायला आले. चुन्याचं काम येणारा गावात उरलेला हा शेवटचा माणूस. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, डॉक्टर पोरांच्या पोटावरून फिरवतात तसा.

“सर, ह्या भितीला शिमीट नगासा लावू. हिला घाम येतोय. त्यो जायाचा कुठनं?”

“तात्या, भिंतीला घाम येत नाही,” मी वर्गातल्या आवाजात म्हणालो. “त्याला केशाकर्षण म्हणतात.”

“बरं. मग त्ये केशाकर्षण जायाचं कुठनं?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी गिलावा करून घेतला.

दोन पावसाळ्यांत उत्तर मिळालं. कुठूनच जायला वाट नसल्याने ओल आतच बसली. भिंतीला लोणा लागला, म्हणजे पांढरे क्षार फुटले, गिलाव्याला पोट सुटलं, आणि एके दिवशी तो पाटीएवढा तुकडा घेऊन खाली आला. एकटा नाही, विटांचे चेहरे सोबत घेऊन! आतली वीट रवाळ झालेली. पंखा लावला की लाल भुकटी उडायची. कणकेत, आमटीत, आईच्या चष्म्यावर. फोनवर ती तक्रार करायची नाही. फक्त एकदा म्हणाली, “चटणी कमी घातली तरी आमटी लाल दिसतीया आता.” मी तेव्हा ‘परीक्षा झाल्या की बघू’ म्हणालो. हे मला आजही आठवतं आणि आठवलं की बरं वाटत नाही.

या वर्षी मात्र तिने स्वतः फोन केला.

“बाळू, भित कर. चौका लावायचाय मला.”

आम्ही दिगंबर जैन. चातुर्मासात मुनी महाराज गावात मुक्कामाला असतात. ते दिवसातून एकदाच आहार घेतात, तोही उभ्याने, ओंजळीत. ज्यांना आहार द्यायचा असतो ते घरी चौका लावतात. सोवळ्यात स्वयंपाक करायचा आणि आहाराच्या वेळी दारात हात जोडून उभं राहायचं आणि ‘नमोस्तु, तिष्ठ’, म्हणजे ‘नमस्कार, थांबा’, असं विनवायचं. महाराज मनात काहीतरी नेम धरून निघतात. तो ज्या दारी जुळेल तिथे थांबतात. पण आहार चालू असताना अन्नात केस निघाला, खडा निघाला, मेलेली मुंगी निघाली, की झाला अंतराय. महाराज ओंजळ सोडतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही घेत नाहीत.

आईचं वय एक्याऐंशी. तिच्या चौक्यात आजवर एकदाही आहार झाला नव्हता. आप्पा नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होते, तेव्हा जमलं नाही. मग पूर. मग माझा गिलावा. दर चातुर्मासात ती दाराच्या आत उभी राहायची, महाराज गल्लीतून पुढे जायचे, आणि ती त्यांच्या पाठीला नमोस्तु करून आत वळायची. “माझ्या आमटीत विटंचा खडा निघाला आणि म्हाराज उपाशी गेले,” ती म्हणाली, “तर मी कुणाला तोंड दावू?”

तिने देवळात नावही देऊन टाकलं होतं. येता सोडून पुढच्या बुधवारचं. हातात अकरा दिवस. मी रजा काढली, सुजाताला, म्हणजे माझ्या बायकोला, बरोबर घेतलं आणि मनाशी ठरवलं की या वेळी तुकातात्यांचं ऐकायचं. चुना म्हणजे चुना.

पहिली अडचण आईनेच काढली. एरवी चातुर्मासात ती परड्यातलं गवतसुद्धा उपटू देत नाही. किडामुंगी मरते म्हणून. भिंत उकरायला तिने परवानगी दिली, पण एका अटीवर.

“एक जीव मरता कामा न्हाई.”

“आक्का,” तुकातात्या म्हणाले, “जुनी भित म्हंजे अख्खं गाव असतंय वो!”

“मग गावाला आदी बाहेर काढा.”

आणि पुनर्वसन सुरू झालं. आई पाटावर बसली, हातात मऊ कापड आणि पुढ्यात सूप. तात्या लाकडी कामटीने सांधा हळूहळू मोकळा करायचे, थांबायचे आणि पुकारायचे, “कोळी, एक!” आई कोळी सुपात घ्यायची, सुजाता सूप परड्यातल्या पेरूखाली रिकामं करून आणायची. “गोम, एक! जरा आडदांड हाय!” एका कोपऱ्यात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. ते आईने विटेच्या ढलपीसकट उचललं आणि गोठ्याच्या वळचणीला ठेवलं. सरकारी प्रकल्पात सुद्धा इतकं चोख पुनर्वसन मी पाहिलेलं नाही. पण चार हात लांब भिंतीला तीन दिवस गेले. मी दर तासाला घड्याळ बघत होतो आणि आई दर तासाला मला पाणी देत होती.

चौथ्या दिवशी तात्यांना मिरजेला डोळा दाखवायला जायचं होतं. चुना विरवून तयार होता. जाताना ते बजावून गेले, “चुन्यात हिरड्याचं पाणी आन् वाईच गूळ घालायचा असतोय. मी परवा येतो. तवर हात लावू नगासा.”

“वाईच म्हणजे किती टक्के?” मी वही काढली.

“अंदाजानं, सर.”

अंदाजानं! चोवीस वर्षं मी पोरांचे गुण याच शब्दासाठी कापत आलो आहे. तात्या एसटीत बसले असतील नसतील, तोवर मी हिशेब मांडला. दोन दिवस फुकट घालवणं परवडणारं नव्हतं. गुळाने चुन्याला बळ येतं, हे खरं. तर मग जास्त गुळाने जास्त बळ यायला हवं! ज्या घरात साखर विकत आणतात तिथला माणूस एवढ्यावर थांबला असता. आमचा स्वतःचा ऊस, शेजारी चुलतभावाचं गुऱ्हाळ. आमच्याकडे गूळ चमच्याने मोजत नाहीत. कोठीत दहा किलोच्या ढेपा एकावर एक रचलेल्या.

मी एक अख्खी ढेप घातली.

(एका क्षणी अर्धीवर थांबलो होतो, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. पण मग डोळ्यांसमोर पूर आला आणि उरलेली अर्धीही गेली.)

मिश्रण असं काही झालं की थापीवरून घसरेना. लोण्यासारखं! मी दिवसभर स्वतः दर्जा भरल्या. विटांच्या मधली प्रत्येक फट दाबून, वरून बोट फिरवून. घरभर गुऱ्हाळाचा वास सुटला. सुजाता म्हणाली, “वास छान येतोय, पण भिंतीला यायला हवा का?” मी हसलो. फोटो काढले आणि कॉलेजच्या ग्रुपवर टाकले: ‘पारंपरिक तंत्रज्ञानाचे पुनरुज्जीवन’. बत्तीस अंगठे आले.

सकाळी आईने हाक मारली. ओरडून नाही, नेहमीच्या आवाजात.

“बाळू, भित हालतीया बघ.”

मी धावलो. भिंत उभीच होती. हलत होतं ते तिच्यावरचं सगळं. गुळाचं पाणी सांध्यांतून पाझरून पायथ्याशी उतरलं होतं आणि परड्यातल्या, गोठ्यातल्या, बहुतेक शेजारच्या दोन गल्ल्यांतल्याही मुंग्या मिरवणुकीने आल्या होत्या. काळ्या, तांबड्या, मुंगळे! मी सांध्यात बोट घातलं. ते दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. चुना घट्ट झालाच नव्हता.

मग मला ते आठवलं. साखर जास्त झाली की मिश्रण आळत नाही. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे. मीच शिकवतो.

“पाणी मारू?” मी विचारलं.

“मरतील.”

“हळद टाकूया का, आई?” सुजाता म्हणाली.

“त्यास्नी भाजतंय गं.”

“मग हाकलायच्या तरी कशा?”

आईने माझ्याकडे पाहिलं. “त्या काय आपणहून आल्यात? तू जेवाय बोलवलास. आता ताटावरनं उठवतोस व्हय?”

 पण मी हार मानणाऱ्यांतला नाही. मी रवा आणि साखर घेऊन भिंतीपासून पेरूपर्यंत रांग घातली, म्हणजे मुंग्या त्या वाटेने बाहेर जातील. गेल्या. आणि पेरूखालच्या पाहुण्यांना घेऊन परत आल्या! मग मला सुचलं की वाऱ्याने जीव मरत नाही, फक्त सरकतो. टेबलफॅन आणला आणि तीनवर सोडला. मुंग्या सरकल्या खऱ्या. भिंतीवरून उडून स्वयंपाकघरभर पसरल्या. मांडणीवर, माठाच्या कापडावर, धुऊन ठेवलेल्या सोवळ्याच्या घड्यांत. आधी एका भिंतीला मुंग्या होत्या, आता चारींना झाल्या.

तुकातात्या मिरजेहून आले, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. उरलेल्या डोळ्याने त्यांनी भिंत वरून खालपर्यंत पाहिली, बोटाला लागलेला चुना हुंगला.

“सर, भित बांधलासा का चिक्की थापलासा?”

“तुम्हीच म्हणालात गूळ घाला!”

“वाईच म्हनलो.”

“किती म्हणजे वाईच?”

तात्यांनी चिमूट करून दाखवली, मग जरा विचार करून ती आणखी बारीक केली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, आई माझ्याजवळ आली. मी कट्ट्यावर बसून मोबाइलवर मुंग्यांबद्दल वाचत होतो. ती म्हणाली, “देवळात जाऊन सांगून ये. आमचा चौका न्हाई म्हणावं.”

“अगं, अजून दोन दिवस आहेत.”

“ऱ्हाऊ दे. नशिबात न्हाई माझ्या. तू दमलास लय.”

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मी वाद घातला असता, तिला चुन्याचं रसायनशास्त्र समजावलं असतं. पण तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि माठाच्या कापडावरची मुंगी उचलून बाहेर सोडायला गेली.  नऊ वर्षं तिने आप्पांना कुशीवर वळवलं, कंबर गेली तिची, आणि त्या नऊ वर्षांत मी महिन्यातून एकदा फळं घेऊन येणारा पाहुणा होतो. तिने आयुष्यात माझ्याकडे मागितली ती एक भिंत. आणि ती नेमकी मला येते असा तिचा समज होता!

मी देवळात गेलो नाही. तुकातात्यांच्या घरी गेलो.

“तात्या, मला काही कळत नाही यातलं. काय करू सांगा.”

तात्यांनी चहा मागवला. म्हणाले, “ह्ये वाक्य पुराच्या वक्ताला म्हनला असतासा तर आज दोगं निवांत बसलो असतो.”

मग त्यांनी सांगितलं आणि मी केलं. लाकडी उलथन्याने प्रत्येक सांध्यातला गोड चुना मुंग्यांसकट अलगद काढायचा, पाटीत घ्यायचा, आणि पाटी डोक्यावरून आमच्या उसाच्या बांधावर नेऊन सावलीत ठेवायची. जेवणारे आणि जेवण, दोन्ही एकत्र हलवायचं. मुंग्यांना उठवायचं नाही, फक्त पंगत दुसरीकडे मांडायची. आईला हे पटलं. ती पुन्हा पाटावर येऊन बसली. सोमवार आणि मंगळवार मी वाकून सांधे उपसत होतो. तात्या मागून नव्या चुन्याच्या दर्जा भरत येत होते, पाण्यात चिमूटभर गूळ घालून. त्यालाही त्यांनी मला हात लावू दिला नाही. हातमोजे घालायचं मला सुचलं नाही. (वर्गात सुरक्षिततेवर माझं स्वतंत्र व्याख्यान आहे.) मंगळवारी दुपारी चुन्याने दोन्ही हातांची सालं निघाली आणि बोटांच्या पेरांतून रक्त यायला लागलं.

भिंत अजून ओली होती, पण भरली होती. सुजाताने उरल्यासुरल्या मुंग्या सुपातून परड्यात सोडल्या, सगळं स्वयंपाकघर पुसून काढलं आणि भिंतीवर धुतलेली पांढरी धोतरं ताणून बांधली. आईने माझे हात पाहिले.

“ह्या हातानं आहार द्यायला चालत न्हाई, बाळू. रक्त येतंय.”

“मग मी काय करू?”

“मागच्या दाराबाहेर बस. मुंग्या बघ.”

तेव्हा बुधवारी सकाळी दारात आई आणि सुजाता उभ्या होत्या, हातात कलश, नारळ. आणि दोन पदव्या असलेला मी परड्याच्या दाराबाहेर, उंबऱ्याशी उकिडवा, मुंग्यांवर नजर ठेवून. पुढचं मला दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. गल्लीत एकेका दारातून “नमोस्तु, नमोस्तु” असा आवाज उठत जवळ येत होता, आणि महाराज न थांबता पुढे आले की तिथला आवाज विझत होता. मग आईचा आवाज आला. बारीक, कापरा. “नमोस्तु म्हाराज, तिष्ठ, तिष्ठ...” आणि मग काहीच नाही. मला वाटलं, गेले.

सुजाताचा हुंदका ऐकू आला तेव्हा कळलं की महाराज थांबले होते.

ते आत स्वयंपाकघरात आले आणि उघड्या दारातून आता मलाही दिसू लागलं. आहार सुरू झाला. आई ओंजळीत एकेक घास ठेवत होती, तिचा हात थरथरत होता.  तेवढ्यात माझ्या पायाशी एक मुंगी आली. काळी नव्हे, तांबडी! उंबऱ्याकडे निघालेली, मागे तिचं सगळं कुटुंब. ओरडायची सोय नव्हती. हलायची सोय नव्हती. मी हात उंबऱ्यावर आडवा ठेवला. माझ्या हाताला अजून गुळाचा वास असावा, कारण त्यांनी आनंदाने रस्ता बदलला आणि मनगटावरून वर चढल्या. सोललेल्या हातावर तांबड्या मुंग्या काय करतात हे मी सांगत बसत नाही. मी दात आवळून, डोळे महाराजांवर लावून बसलो आणि माझ्या गालांवरून घळाघळा पाणी वाहू लागलं.

नंतर गावात बोलणं झालं, “सरांचा भाव बघितलासा? डोळ्याला धार लागल्ती!” मी कुणाला दुरुस्त केलं नाही. ती धार मुंग्यांची होती. (सगळी नाही. ओंजळीत शेवटचं पाणी घालताना आईचा हात थरथरायचा थांबला, ते मी पाहिलं. तेव्हाची माझी होती.)

अंतराय आला नाही. आहार निर्विघ्न झाला.

आहारानंतर महाराज थोडा वेळ बसतात आणि घरच्यांनी काहीतरी नियम घ्यायचा, अशी रीत आहे. कुणी चहा सोडतं, कुणी बटाटा. सुजाताने गोड सोडलं. (ते तिला फारसं अवघड नव्हतं, त्या आठवड्यानंतर तिला गुळाचा वासही नको होता.) मग महाराजांनी माझ्याकडे पाहिलं, उंबऱ्याबाहेर, सुजलेले हात जोडून उभा होतो तिथे.

“तुम्ही काय सोडणार?”

मी मनाची तयारी करून चहा म्हणणार, इतक्यात आई पुढे झाली. माझ्या उभ्या आयुष्यात तिला इतक्या ठामपणे बोलताना मी ऐकलं नव्हतं.

“म्हाराज, ह्याला नियम द्या. ह्यानं ह्या भितीला परत हात लावायचा न्हाई. जलमभर.”

महाराज भिंतीकडे बघून हसले, माझ्याकडे बघून पुन्हा हसले आणि त्यांनी आशीर्वादाचा हात वर केला. पुढच्या दारातून तुकातात्यांचा आवाज आला, “लय पुण्याचं काम झालं, म्हाराज!”

भिंत आता कोरडी आहे. आमटी आमटीच्या रंगाची झाली आहे. आणि मी? नियम तर मी आयुष्यात बरेच घेतले आणि बरेच मोडले. पण हा एक अजून टिकून आहे, कारण तो पाळण्यात मला आईची, गवंड्याची आणि खुद्द भिंतीचीही मनापासून साथ आहे!